ढग चावला म्हणे!

१

लवंगेचा कान फाटला त्या सकाळी मी कुंपणाच्या बाहेरून चालत होते. बाहेरून, कारण आत कुत्री असतात आणि मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीने कुत्र्यांची बाजू घेतली.

आमच्या घरासमोर एक बाग आहे. पूर्वी ती माणसांची होती. आता तिला जाळीचं कुंपण घालून कुत्र्यांना मोकळं सोडायची सोय केली आहे. माझी सून जनावरांची डॉक्टर, तिचा दवाखाना आमच्याच तळमजल्यावर, त्यामुळे तिला हे फार सोयीचं पडलं. मला विचाराल, तर या बागेत कुत्र्यांना मोकळं सोडतात आणि मालक स्वतःच जास्त मोकळे होतात. कुणी गप्पांत, कुणी फोनवर. आणि एखादं दांडगट कुत्रं अंगावर आलं की लांबूनच ओरडायचं, "घाबरू नका हो, काही करत नाही तो!" काही करत नाही हे त्या कुत्र्याला कुणी सांगितलंय का?

नियम मात्र भरपूर. पुढच्या बाजूला एकामागे एक अशी दोन दारं, मध्ये पिंजऱ्याएवढी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत आलं की कुत्र्याचा पट्टा सोडायचा आणि कुंपणाच्या खांबावर आपल्या खुंटीला अडकवायचा. प्रत्येकाची खुंटी ठरलेली. दुसऱ्याच्या खुंटीला पट्टा लागला तर इथली माणसं कुत्र्यांपेक्षा जास्त भुंकतात.

त्या सकाळी माळ्याने कुंपणालगतचे फवारे सोडले होते. हा बाबा फवारे सोडतो आणि चहा प्यायला बसतो. मग हिरवळीबरोबर खांब, खुंट्या आणि माझ्यासारखे येणारेजाणारेही न्हाऊन निघतात. माझे बूट भिजले. मी त्याला चार शब्द सुनावले, त्याने हसत हसत पाणी बंद केलं आणि पुन्हा कपाकडे वळला. मी दोन पावलं पुढे जाते न जाते तोच आतून किंकाळी आली.

"मारली! माझ्या लवंगेला मारलं!"

आवाज गाणंबाईंचा. त्या मुलांना गाणं शिकवतात आणि सकाळी बागेतल्या बाकावर डोळे मिटून रियाज करतात. एवढ्या वरच्या पट्टीत त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी काठी सावरत तशीच आत गेले, आयुष्यात पहिल्यांदा.

बागेच्या मागच्या टोकाला दाट झुडपांची रांग आहे. तिच्यापाशी गाणंबाईंची मांजराएवढी पांढरी कुत्री, लवंग, थरथरत पडली होती. एका कानातून रक्त वाहत होतं. आणि तिच्यावर चारी पाय रोवून उभा होता ढग.

हा ढग म्हणजे वासराएवढा काळाकभिन्न कुत्रा. थोबाड असं की चोरानेही आल्या पावली परत जावं. त्याच्या छातीवर रक्त होतं आणि तो गुरगुरत होता. गंमत म्हणजे लवंगेकडे त्याचं लक्षच नव्हतं. कुंपणाला मागेही एक लहान दार आहे, तो तिकडे बघून गुरगुरत होता. तिथे तर चिटपाखरूही नव्हतं.

२

ढगाची मालकीण ड्रायव्हरताई, म्हणजे बस चालवणारी. पहाटेची फेरी संपवून ती ढगाला इथे आणते. पलीकडच्या बाकावर तिचा डोळा लागला होता. किंकाळीने ती दचकून उठली, धावत आली आणि समोरचं दृश्य बघून जागच्या जागी थिजली. तिसरा होता फोनवाला. तो सगळ्यांकडे पाठ करून कुणाशी तरी तावातावाने बोलत होता. त्याचा रॉकेट नावाचा आडदांड कुत्रा उड्या मारत आला, तेव्हा कुठे त्याने मान वळवली.

तेवढ्यात पुढच्या दारातून मास्तर आले.

मास्तर म्हणजे कुत्र्यांना शिकवणारे. आमच्या भागातली निम्मी कुत्री त्यांच्या हाताखालून गेली आहेत. त्यांचा स्वतःचा सुभेदार म्हणजे चालताबोलता आदर्श. रोज पहिल्या दारापाशी मास्तर बोट वर करतात, सुभेदार बसतो. दुसऱ्या दारापाशी पुन्हा बसतो. बघायला लोक थांबतात. त्या दिवशी मात्र मास्तर दोन्ही दारं सताड उघडी टाकून धावत आले आणि सुभेदार त्यांच्या पुढे ओढत होता. संकटात माणूस नियम विसरतो, असं मी मनाशी म्हटलं.

"काय झालं? घरून निघतच होतो, तोच ओरडणं ऐकलं," मास्तर म्हणाले. त्यांनी ढगाकडे बघितलं, रक्त बघितलं आणि मान हलवली. "मला भीती होतीच. अशा कुत्र्याचा भरवसा नसतो."

ड्रायव्हरताईला घाईत खुंटीवरचा ओला पट्टा काढता येईना. मास्तरांनी सुभेदाराला "बस" म्हटलं, त्याचाच पट्टा सोडून ढगाच्या कॉलरला लावला आणि दुसरं टोक चक्क माझ्या हातात दिलं! "धरा जरा, रेक्टरबाई."

मी निवृत्त होईपर्यंत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. भल्याभल्या पोरी माझ्या हाकेने सुतासारख्या सरळ व्हायच्या. पण एवढं धूड मी जन्मात धरलं नव्हतं. हात घामेजला म्हणा की काय म्हणा, पट्टा ओला लागत होता. ढगाने मात्र मला काही त्रास दिला नाही. खाली बसला आणि माझ्या भिजक्या बुटावर हनुवटी टेकली.

"हट्," मी म्हणाले. तो हटला नाही.

मग बागेच्या समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी अर्धवट ऐकलं आणि पूर्ण निकाल दिला. "संध्याकाळी बैठक. नगरपालिकेची गाडी बोलावतो. हा कुत्रा आज जाणार."

"आणि परत कधी येणार?" ड्रायव्हरताईने विचारलं.

अध्यक्ष फोन काढून नंबर लावायला लागले. मास्तर जमिनीकडे बघत राहिले.

३

सुनेने लवंगेच्या कानाला टाके घातले. "जगेल, आई. कान थोडा दुमडलेला राहील, एवढंच."

"आणि चावलं कोण?"

"मोठं कुत्रं. त्यापलीकडे छातीठोकपणे नाही सांगता येणार. ढगाच्या तोंडाला रक्त आहे, पण जखम चाटली तरी लागतंच ना?"

ड्रायव्हरताई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर ढगाचं डोकं घेऊन. ती रडत नव्हती, आणि तेच मला बघवेना.

"डेपोच्या फाटकाला कुणीतरी बांधून गेलं होतं याला," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, नको घेऊस, तोंड बघ त्याचं. मावशी, मी एकटी राहते. घरी गेले की हा दार उघडायच्या आधीच शेपूट आपटतो दारावर. तो आवाज ऐकू आला नाही तर मी घरात पाऊल कसं टाकू?"

मी खाकरले. "बाई गं, तू झोपली होतीस. मोठं कुत्रं मोकळं सोडून झोपतात का?"

"नाही," ती म्हणाली. "चूक झाली माझी. पण त्याची नाही झाली."

आता सांगते, माझ्या वसतिगृहात मी एकाही मुलीला तिची बाजू ऐकल्याशिवाय घरी पाठवलं नाही. ढगाची बाजू कुणीच ऐकली नव्हती. त्याला बोलता येत नव्हतं हे खरं, पण तो मागच्या दाराकडे बघून गुरगुरत होता. त्याने सांगायचं ते सांगितलंच होतं की!

मी काठी उचलली.

"आई, कुठे निघालात?" सून म्हणाली.

"हजेरी घ्यायला," मी म्हणाले.

४

आधी गाणंबाई. डोळे सुजलेले, हातात लवंगेचा रेशमी पट्टा.

"माझं लक्ष होतं हो तिच्यावर!" त्या म्हणाल्या.

"डोळे मिटून?"

त्या हळूच म्हणाल्या, "सूर लागला होता. आधी ती केकाटली, मग गुरगुरणं ऐकलं, आणि डोळे उघडले तर तो तिच्यावर उभा."

"आधी केकाटली, गुरगुरणं नंतर? नक्की?"

"माझा कान चुकत नाही, रेक्टरबाई."

मी त्यांच्या हातातला पट्टा चाचपला. रेशीम अजून दमट होतं. "हा कशाने भिजला?"

"माळ्याचे फवारे! रोजचंच आहे. सकाळी जे बागेत असतात त्यांचे पट्टे भिजतातच."

मग फोनवाला. तो मला बघताच फोन खिशात घालायला लागला, पण तो फोन काही खिशात टिकेना, पुन्हा हातात.

"माझा रॉकेट अंगावर उड्या मारतो, कबूल. पण चावरा नाही हो. तो माझ्या पायाशीच होता."

"कशावरून?"

"पट्टा होता ना त्याला! आल्यापासून लावलेलाच होता. परवा एका आजोबांना पाडलं, तेव्हापासून बायकोने बजावलंय, पट्टा सोडलास तर जेवण बंद. किंकाळी ऐकून दचकलो तेव्हा हातातून सुटला."

खरंच, रॉकेट उड्या मारत आला तेव्हा मागे पट्टा फरफटत होता. मी स्वतः बघितला होता. लांबी दोन हात, म्हणजे झुडपांपर्यंत तो पोचणं शक्य नव्हतं. नवऱ्याला वळण लावणारी बायको असली की असं कुत्र्याचंही भाग्य उजळतं.

"तुझ्याआधी बागेत कोण होतं?"

"कोण होतं बरं... मी फोनवर होतो."

हे उत्तर मला आधीच माहीत होतं.

शेवटी मास्तरांकडे गेले. घर आरशासारखं लख्ख. मास्तर व्हरांड्यात बसून सुभेदाराच्या पट्ट्याला तेल चोळत होते. गडद तपकिरी, कोऱ्या चामड्याचा पट्टा. सकाळची फिकी विजार दोरीवर वाळत होती. तिच्या मांडीपाशी तपकिरी डाग तसाच होता. एवढा टापटीप माणूस आणि डाग? मला जरा नवल वाटलं.

"नवीन घेतलाय वाटतं?" मी विचारलं.

"परवाच. चामड्याची निगा राखावी लागते. मी सगळ्यांना सांगतो, पाणी लागू द्यायचं नाही."

"तुम्ही किंकाळी ऐकलीत तेव्हा घरीच होतात ना?"

"दारातच." त्यांचा हात क्षणभर थांबला. "वाईट वाटतं हो त्या ड्रायव्हरताईचं. पण माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. मी खोटं कसं सांगू?"

सुभेदार कोपऱ्यात बसला होता. इतक्या चांगल्या कुत्र्याने आज माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही.

५

घरी येऊन हात धुतले. साबण लावला, पुन्हा लावला. तळहातावरचा तपकिरी पट्टा काही जाईना.

"बघ ना," मी सुनेला म्हणाले, "सकाळी त्या ढगाला धरला तेव्हापासून हे. काय काय असतं या कुत्र्यांच्या अंगावर, देव जाणे."

सुनेने माझा हात उजेडात धरला. वास घेतला. मग हसायला लागली.

"आई, ढग काळा आहे. हा तपकिरी आहे. आणि हा कुत्र्याचा नाहीच. हा रंग आहे, चामड्याचा. नवीन चामडं भिजलं की सोडतं."

मी नळ बंद केला. नुसती उभी राहिले. मला एकदम वसतिगृहाच्या पोरी आठवल्या. उशिरा यायच्या, मागच्या दाराने आत शिरायच्या आणि जिन्यावरून डोळे चोळत खाली यायच्या, जशा काही मघाशीच झोपल्या होत्या. चेहरे असे भोळे! मी चेहऱ्यांकडे बघायचेच नाही. चपलांकडे बघायचे, ओल्या आहेत का ते.

"पाऊस पडला होता का गं आज?"

"छे! कालही नाही, परवाही नाही."

मी तशीच ओल्या हाताने बागेत गेले. खुंट्यांची रांग पुढच्या दारापासून सुरू होते आणि मागच्या लहान दारापाशी संपते. शेवटची खुंटी मास्तरांची. झुडपांमागे ते सुभेदाराचा सराव घेतात, म्हणून त्यांनीच ती मागून घेतलेली. सगळे खांब पांढऱ्या रंगाचे. मी वाकले, चष्मा नीट केला, आणि जे बघायला आले होते ते मला दिसलं.

६

संध्याकाळी सगळे हिरवळीवर जमले. फाटकाबाहेर नगरपालिकेची गाडी उभी होती, मागे लोखंडी पिंजरा. ड्रायव्हरताईने ढगाच्या मानेत दोन्ही हात घातले होते. लवंग कानाला पट्टी बांधून गाणंबाईंच्या कडेवर होती.

अध्यक्ष म्हणाले, "तर मग, ठरल्याप्रमाणे..."

"थांबा," मी म्हणाले. "ठरवलं तुम्ही एकट्याने. आता जरा ऐका."

आवाज मी रेक्टरचा लावला होता. अध्यक्ष गुपचूप खाली बसले.

"सकाळी माळ्याने फवारे सोडले आणि किंकाळीच्या आधी बंद केले. माझे बूट साक्षीला आहेत. गाणंबाईंचा पट्टा भिजला, ड्रायव्हरताईचा भिजला, कारण दोन्ही खुंटीवर होते. अध्यक्ष, तुम्ही नंतर आलात. तुमचा पट्टा?"

"कोरडा होता," अध्यक्ष म्हणाले.

"किंकाळी ऐकून घरून आलेल्या माणसाचा पट्टा कोरडाच असायला हवा. मग हे काय?" मी तळहात वर केला. "सकाळी माझ्या हातात एक पट्टा दिला गेला. तो ओला होता आणि त्याने रंग सोडला. ज्याने दिला त्याच्या विजारीवरही तोच डाग आहे."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

"मी... मी घरी धुतला होता पट्टा," मास्तर म्हणाले.

"चामड्याला पाणी लावू नका असं जगाला सांगता, आणि कोरा पट्टा धुता? बरं, धुतलात. मग त्या शेवटच्या खांबावर, तुमच्या खुंटीखाली, ताजा तपकिरी ओघळ कुठून आला? पट्टा आज तिथे टांगलेला असताना भिजला, मास्तर. तुम्ही झुडपांमागे होतात. काही झालं, तुम्ही पट्टा उचललात, सुभेदाराला घेऊन मागच्या दाराने निघालात, आणि वळसा घालून पुढून आलात. इतक्या गडबडीत की त्याला दारापाशी बसवायलाही विसरलात. तुम्ही गेलात त्या दाराकडे बघून ढग गुरगुरत होता. तो तिला चावत नव्हता हो! तिला पोटाखाली घेऊन राखण करत होता."

मास्तरांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकला.

"चेंडू," ते शेवटी म्हणाले. "चेंडूवरून तो बिथरतो. मला माहीत होतं. म्हणून इथे चेंडू आणायचा नाही हा नियम मीच केला, आणि कुणी बघत नसताना मीच आणायचो. लवंग मध्ये आली. एका क्षणात झालं. मला वाटलं, मास्तरचाच कुत्रा चावला म्हटल्यावर मला कोण विचारणार? आणि सुभेदाराला नेतील..."

"म्हणून माझ्या ढगाला जाऊ देणार होता?" ड्रायव्हरताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि मास्तर आणखीच खाली वाकले.

तेवढ्यात गाडीवरचा माणूस आत डोकावला. दिवसभराचा दमलेला दिसत होता. "कोणता न्यायचा सांगा लवकर. काळा की हा?"

अध्यक्षांनी सुभेदाराकडे बोट उचललं. नियम म्हणजे नियम. सुभेदार मास्तरांच्या पायाशी बसला होता, शिकवल्यासारखा ताठ, आणि त्याचे कान मागे पडले होते.

ड्रायव्हरताई उठली. ढगाला घेऊन ती अध्यक्षांच्या बोटापुढे उभी राहिली.

"कुणालाच न्यायचं नाही," ती म्हणाली. "मी झोपले होते. हे फोनवर होते. यांचे डोळे मिटलेले होते. मास्तर तर... जाऊ दे. कुत्र्यांनी काय ते कुत्र्यासारखंच केलं. आपण कुठे माणसासारखे वागलो? याला जाळीचं मुसकं बांधा, चेंडू जाळा, पण पिंजऱ्यात नका घालू. दुपारभर मी तेवढंच डोळ्यांपुढे बघत होते. कुणाच्याही वाट्याला नको ते."

गाणंबाईंनी डोळे पुसले आणि मान डोलावली. अध्यक्षांचं बोट खाली आलं. गाडी रिकामीच परत गेली. असा आनंद झाला मला म्हणून सांगू! मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही, सवय असते.

आता सुभेदार मुसकं घालून येतो आणि चेंडू पुन्हा कुणी बागेत बघितलेला नाही. मास्तर सुट्टीच्या दिवशी नवा वर्ग घेतात, मालकांचा. पहिला धडा त्यांनी स्वतःचीच हकीकत सांगून घेतला, मान खाली घालून, पण काही न लपवता. ड्रायव्हरताई झोप आली की मला उठवायला सांगते. गाणंबाई डोळे उघडे ठेवून गातात. सूर थोडा हलतो, पण चालायचंच. आणि लवंग, दुमडलेल्या कानाची ती टिकली, रोज येते आणि थेट ढगाच्या पुढच्या पायांमध्ये जाऊन झोपते.

मी आता कुंपणाच्या आतून चालते. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना! दमले की बाकावर बसते, मग ढग येऊन माझ्या बुटावर हनुवटी टेकतो. मी "हट्" म्हणते, त्याला ते आपलं नाव वाटत असावं. समितीने मला एक खुंटीही दिली आहे, तिला मी काठी अडकवते. परवा अध्यक्षांनी चुकून तिथे आपला पट्टा लावला.

अशी भुंकले मी त्यांच्यावर!